अहो म्हणजे नेमकं कोण

३ ऑक्टोबर, मंगळवार

पत्रकाच्या पहिल्याच ओळीत चूक. ‘स्मृतीभ्रंश’. समासात ऱ्हस्व पाहिजे, स्मृतिभ्रंश. विद्यापीठाचं पत्रक, वर कुलगुरूंचा संदेश, आणि खाली ढळढळीत दीर्घ. छापखान्यात अडतीस वर्षं प्रुफं तपासलेल्या माणसाला असलं काही दिसलं की दाताखाली खडा आल्यासारखं होतं. मी पेन्सिलीने खूण करून पत्रक वर्ग घेणाऱ्या प्राध्यापकबाईंच्या हातात दिलं. त्या म्हणाल्या, “धन्यवाद. बसा.” प्रत्येक वाक्यानंतर त्या अशा थांबतात की पुढे बोलायची सोयच उरत नाही. मी त्यांचं नाव ठेवलंय पूर्णविराम. नावं ठेवायची मला सवयच आहे, असं ही म्हणते.

दर मंगळवारी दोन तास. विसरणारी माणसं एका खोलीत आणि त्यांना सांभाळणारी शेजारच्या खोलीत. आम्हाला ‘काळजीवाहक’ म्हणायचं असं ठरलंय. आजवर काळजीवाहू फक्त सरकार असायचं, तेही निवडणुका होईपर्यंत. आता मीही.

ऑगस्टमध्ये ही भाजी आणायला गेली ती चार तास परत आली नाही. सापडली ती तिच्या जुन्या शाळेत, जिथे तिने सव्वीस वर्षं मुलींना शिवण शिकवलं. रिकाम्या वर्गात एका मशीनपुढे बसून मुली यायची वाट बघत होती. मग डॉक्टर, तपासण्या, आणि दुसऱ्या शहरात राहणाऱ्या लेकीची फोनाफोनी. ह्या वर्गात नाव तिनेच घातलं. सहा मंगळवार वर्ग, सातव्या मंगळवारी हे लोक घरी येऊन बघणार आणि लिहून देणार, हिला घरी ठेवणं ठीक आहे की नाही. नाही म्हणाले तर लेक हिला तिच्याजवळच्या निवासी केंद्रात ठेवणार. खोलीसुद्धा बघून आलीय.

पूर्णविरामबाईंनी सगळ्यांना एकेक वही दिली. “रोज नाही जमलं तरी चालेल. कशाची भीती वाटली ते लिहा. आम्ही वाचणार नाही. शुद्धलेखन बघू नका.” हे शेवटचं माझ्याकडे बघून.

मला एकाच गोष्टीची भीती वाटते. त्रेचाळीस वर्षांनी ही तिकडे आणि मी इकडे. लिहिलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी ही म्हणाली, “ते द्या ना, कापडाचं... दोन पायांचं.” कात्री हवी होती. मी दिली नाही. म्हटलं, आधी नाव सांग. “ते हो, चालतं ते.” कात्री. म्हण, कात्री. क ला काना, त्र ला दुसरी वेलांटी. पाच वेळा म्हणवून घेतलं. पाचव्या वेळी नीट आलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण शब्द आला. मेंदूला व्यायाम पाहिजे. त्या वर्गातल्यासारखी नुसती गाणी म्हणवून काय होणार?

नंतर दिवसभर फारशी बोलली नाही. शांत होती. चांगला दिवस गेला.

१० ऑक्टोबर, मंगळवार

पूर्णविरामबाई आज म्हणाल्या, “त्यांना दुरुस्त करू नका.” मी हात वर केला. “चूक दिसली तरी?” “दिसली तरी.” “मग ती तशीच छापली जाते बाई.” सगळे हसले. त्या हसल्या नाहीत.

शेजारच्या खोलीत हिची चाचणी झाली, मला दारात उभं राहू दिलं. चाचणी घेणारी विद्यार्थिनी चाळिशीची आहे, नर्सची नोकरी सोडून शिकायला आलीय. तिला कायमची सर्दी, प्रत्येक शब्द नाकातून. तिचं नाव अनुस्वार. तिने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, “काकू, हे कोण?” ही हसली. “अहो, असं काय विचारता! हे म्हणजे हेच की.” अनुस्वारने बरोबरची खूण केली. मला वर्गात पहिला आल्याचा आनंद झाला.

परतताना बसमध्ये मला म्हणते, “अहो, तुम्ही कुठे उतरणार?” मी म्हटलं, तू उतरशील तिथेच. तर खिडकीकडे सरकली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून बसली. पूर्वीपासून थट्टेखोर आहे. चेहऱ्यावरची रेष हलू द्यायची नाही आणि समोरच्याला गुंडाळायचं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

मन लागत नाही. आमच्याकडे कुणीतरी शिरायच्या बेतात आहे.

झालं असं. परवा ही पुन्हा एकटी जिना उतरायला निघाली, म्हणून मी दाराला बाहेरून कडी बसवली. दूध-भाजीला जातो तेवढ्यापुरती, पंधरा मिनिटांचा प्रश्न. आज रांग होती म्हणून पाऊण तास लागला. परत येऊन कडी काढली तर ही दाराला चिकटून उभी. खांद्याला पर्स, दोन्ही तळवे लालभडक. “काय झालं?” तर म्हणे, “केव्हाचं दार वाजतंय हो. कुणी उघडतच नाही.”

कोण आलं होतं? तळमजल्यावर चष्मेवाल्याचं दुकान आहे, त्याला विचारलं. तो म्हणाला, “तुमच्याकडे सुतार आलाय ना काका? सकाळी ठोकाठोकी चालली होती.” सुतार कुठला? म्हणजे कुणीतरी दार फोडायच्या प्रयत्नात होतं, आणि आत ही एकटी. चष्मेवाल्याला जिन्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. संध्याकाळी दुसरी कडी आणून वरच्या बाजूला बसवली. आता कुणाची बिशाद नाही.

तळव्यांना तेल लावून दिलं. तिने हात ओढून घेतला.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

आमच्या वर्गात एक निवृत्त बसचालक आहे, आईला सांभाळतो. आज त्याची खुर्ची रिकामी. आई चावायला लागली, असं त्याने गेल्या आठवड्यात वर्गात भरून द्यायच्या फॉर्मवर खरंखरं लिहिलं होतं. आता ती निवासी केंद्रात आहे, आणि तो येत नाही, कारण सांभाळायला कुणी उरलं नाही.

मी माझा फॉर्म भरला. घराबाहेर भटकणे: नाही. घरात भीती किंवा चिडचिड: नाही. हिला घड्याळ काढायचा गृहपाठ होता. बाराही आकडे तिने एकाच बाजूला दाटीवाटीने बसवले होते, दुसरी बाजू कोरी. मी खोडरबराने पुसून जागच्या जागी लावले आणि तिच्या अक्षरासारखं वळण दिलं. लेखकाची चूक छापखान्यातच दुरुस्त व्हावी, वाचकापर्यंत जाऊ नये, हेच मी जन्मभर केलं.

अनुस्वारने घड्याळ बराच वेळ पाहिलं. “काकूंनी काढलं?” मी म्हटलं, “मग काय मी?”

२१ ऑक्टोबर, शनिवार

अक्षर लागत नाही. तरी लिहितो.

दुपारी तीनला खाली पत्रपेटी बघून वर आलो. दार उघडलं तर ही स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात कापडाची मोठी कात्री, टोक माझ्याकडे. “कोण तुम्ही? आत कसे आलात?”

“अगं, मी.”

“मी कोण? हे येतील एवढ्यात. फार कडक आहेत ते.”

“अगं हे म्हणजे मीच. बघ नीट.”

नीटच बघत होती. त्या डोळ्यांत माझी ओळख कुठेच नव्हती. मी भिंतीवरून लग्नातला फोटो काढून तिच्यापुढे धरला. हा मी, ही तू. तिने फोटोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक पाऊल मागे सरली. “ह्यांचा फोटो तुमच्या हातात कसा?” मी कात्री काढून घ्यायला पुढे झालो. त्यानंतरचं सलग आठवत नाही. अंगठ्याखाली दोन इंच चिरलं गेलं. मी न्हाणीघरात शिरलो आणि आतून कडी लावली.

‘पाचावर धारण बसली’ हे मी शेकडो प्रुफांत वाचलंय. आज कळलं कसं असतं ते. हाताला टॉवेल गुंडाळून चाळीस मिनिटं बसलो होतो. बाहेर तिची पावलं वाजत होती. दाराशी येऊन थांबली. मी श्वास रोखून धरला.

मग टकटक. “अहो, किती वेळ? चहा गार होतोय.”

खरंच दोन कप चहा केला होता. रक्त बघून हळहळली. पट्टी तिनेच बांधली, शिवणबाईच्या सफाईने गाठ मारली. “कशाने लागलं हो?” डब्याच्या पत्र्याने, मी म्हटलं.

कात्री आता कपाटावरच्या सुटकेसमध्ये, कुलपात. माझ्या बायकोची मला भीती वाटते. हे वाक्य तीनदा लिहून खोडलं, चौथ्यांदा राहू दिलं.

२२ ऑक्टोबर, रविवार

लेकीचा फोन. “आई कशी आहे?” मस्त. “बाबा, तिला ओरडत नाही ना तुम्ही?” मी कधी ओरडतो? “ओरडत नाही हो. पण तुमचं ते... जाऊ दे.” तिलाही बोलता बोलता वाक्य सोडून द्यायची सवय आहे, लहानपणापासून. कितीदा सांगितलं, वाक्य पूर्ण करत जा.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

परवाच्या वर्गात पूर्णविरामबाईंनी एक युक्ती सांगितली. “ओळखलं नाही तर वाद नको. फोटो नको. बाहेर जा. पाच मिनिटांनी बेल वाजवून परत या.” माझ्या पट्टीकडे बघत होत्या की काय कोण जाणे. मी डब्याच्या पत्र्याची थाप तिथेही मारली होती.

आज सकाळी तेच डोळे पुन्हा. मी दोन पावलं मागे सरलो. पण कात्री कुलपात होती, त्यामुळे थोडा धीर. “माफ करा, चुकून आलो,” असं म्हणून बाहेर गेलो, जिन्यात उभा राहिलो, बेल वाजवली. तिने दार उघडलं. “अहो, बरं झालं आलात. एक माणूस आत शिरला होता.”

“गेला का?”

“गेला.”

काम फत्ते. आत जाऊन बसलो. ही चहा घेऊन आली, कप माझ्या हातात देताना जवळ वाकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “ह्यांना सांगू नका हं. मलाच बोलतील.”

कप हातातच राहिला. ह्यांना म्हणजे कोणाला? मला? मला सांगते आहे की मला सांगू नका?

तेव्हापासून हे प्रूफ मी पुन्हापुन्हा तपासतोय. ‘अहो’ म्हणजे मी, आणि ‘हे’ म्हणजेही मीच. इतकी वर्षं दोन्ही शब्द एकाच माणसाचे होते, वेगळे करून बघायची वेळच आली नाही. पण ‘अहो’ तर ती पोस्टमनलाही म्हणते. दूधवाल्याला, चष्मेवाल्याला, बसमधल्या परक्या माणसाला. तुम्ही कुठे उतरणार, असं मला विचारलं ते. चहा गार होतोय, म्हणाली ते. पट्टी बांधली ती कोणाच्या हाताला?

अनुस्वारने बरोबरची खूण केली आणि मी खूश झालो. कधीपासून चाललंय हे?

३१ ऑक्टोबर, मंगळवार

वर्ग झाला. काय शिकवलं ते आठवत नाही. तिला सरळ विचारायचं ठरवलं होतं, मी कोण? धीर झाला नाही.

२ नोव्हेंबर, गुरुवार

गेले दहा-बारा दिवस मी हिचा एकही शब्द दुरुस्त केलेला नाही. शहाणपण वगैरे काही नाही, निव्वळ भीती. कात्रीच्या दिवसानंतर तोंड उघडायचंच धाडस होत नाही.

आज दुपारी ही बटणांचा डबा घेऊन बसली. मी समोर बसून एकेक बटण हातात देत होतो. ती म्हणाली, “दोन डोळ्यांची इकडे, चार डोळ्यांची तिकडे.” भोकं म्हणायचं होतं. मी म्हटलं, “हो, हे चार डोळ्यांचं.” असा अर्धा तास गेला. मग ती म्हणाली, “तुम्ही बरे आहात. तुमच्याशी बोलताना अडखळायला होत नाही.”

“घरच्यांशी अडखळता का तुम्ही?” मी विचारलं. तोंडातून ‘तुम्ही’ निघालं. जन्मात कधी हिला तुम्ही म्हटलं नव्हतं.

“आमचे हे फार हुशार हो. पुस्तकं तपासतात. नजरेतून एक चूक सुटत नाही. मी बोलायला लागले की वाट बघत असतात. मग येत असलेलंही जातं माझं.” एक बटण उजेडाकडे धरून पाहिलं. “आणि बाहेर जाताना दाराला कडी घालतात. मी वाजवते, वाजवते. कुणी उघडत नाही.”

आणि तळवे पुढे करून दाखवले.

मी चोर शोधत होतो. चष्मेवाल्याला पहाऱ्यावर बसवलं होतं. एक कडी पुरली नाही म्हणून दुसरी आणली.

“भीती वाटते त्यांची?”

“मारत नाहीत हं,” ती घाईघाईने म्हणाली. “कधी हातसुद्धा उगारला नाही.” मग पुष्कळ वेळ बटणं. “पण वाटते. पहिल्यापासून. नवीन लग्न झालं तेव्हा मी आईकडे गेले होते. ह्यांना पत्र लिहिलं, चार पानं. काय काय लिहिलं होतं, आता सांगायची लाज वाटते. आठवड्याने पाकीट आलं. उघडलं तर माझंच पत्र. सगळं लाल शाईने दुरुस्त केलेलं. खाली लिहिलं होतं, एकूण चुका एकतीस.”

“मग?”

“मग काही नाही. पुन्हा नाही लिहिलं.”

मला ते पत्र आठवतं. गंमत म्हणून केलं होतं. छापखान्यात दाखवलंही होतं, सगळे हसले होते. हीसुद्धा हसली होती, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं, अगदी तिचा चेहरा दिसतो हसताना. पण तो मला दिसेल कसा? पाकीट पोस्टाने गेलं होतं. मी तिथे नव्हतोच.

आणखी एक लिहून ठेवतो. ती ‘एकतीस’ म्हणाली तेव्हा माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की एकतीस नव्हत्या, अठ्ठावीस होत्या.

५ नोव्हेंबर, रविवार

दोन्ही कड्या काढल्या. दाराला स्क्रूची आठ भोकं राहिली आहेत. आता ती केव्हाही बाहेर पडेल ह्या धास्तीने मी दाराजवळ खुर्ची टाकून बसतो. आतून साखळी आहे, ती तिची तिने लावायची.

पण खरी भीती चौदा तारखेची. ती माणसं घरी येणार आणि हिला विचारणार. मला जे सांगितलं ते हिने त्यांना सांगितलं तर? घरात नवऱ्याची भीती वाटते, दार कोंडून ठेवतो. अहवालाला आणखी काय लागतं? लेक दुसऱ्या दिवशी येऊन घेऊन जाईल, आणि मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू?

म्हणून सकाळी हिची तयारी करून घ्यायला बसलो. ‘मला घरी बरं वाटतं’, एवढंच वाक्य, पाच वेळा. मी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि घसा साफ केला. त्याबरोबर तिची पाठ ताठ झाली आणि हात मांडीवर जुळले, फळ्याजवळ बोलावलेल्या मुलीसारखे. म्हणजे अशी बसते ती माझ्यासमोर. नेहमीच अशी बसत असणार. मी उठून गॅलरीत गेलो.

११ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी ती पर्स घेऊन निघाली. मी अडवलं नाही. जीव मुठीत धरून दहा पावलं मागून गेलो. कोपऱ्यावर तिने वळून पाहिलं. मी म्हटलं, “मीही ह्याच बाजूला चाललोय.”

“शाळेला उशीर झालाय हो,” ती म्हणाली. “मुली थांबल्या असतील.”

“चला, सोबत करतो.”

मोठा रस्ता ओलांडताना एक टेम्पो अगदी अंगावरून गेला. मी तिचा दंड धरला. तिने धरू दिला. रस्ता संपल्यावर आभार मानले. शाळेचं फाटक बंद होतं. “सुट्टी दिसतेय,” ती म्हणाली. मी म्हटलं, हो, सुट्टी. परत येताना तिने मला कॉलर कशी बसवतात ते सांगितलं, अस्तर आधी, मग पट्टी, मग उलटवायचं. शब्द तीन-चार चुकले असतील. मी मोजले नाहीत. म्हणजे मोजले, चार होते. पण बोललो नाही.

आमच्या इमारतीच्या दाराशी ती थांबली. “इथपर्यंतच या. हे बघतील.”

ती एकटी वर गेली आणि मी माझ्याच घराखाली उभा. तीन मजले. प्रत्येक पायरी कान देऊन ऐकली. पडली तर? चुकून दुसऱ्या मजल्यावर वळली तर? चष्मेवाला दुकानातून म्हणाला, “किल्ली विसरलात का काका?” मी म्हटलं, नाही, किल्ली आहे.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

अकराला पूर्णविरामबाई आणि अनुस्वार आल्या. सकाळी ही मला बघून “अहो आलात का” म्हणाली होती, ते कुठल्या अर्थाने ते मी आता विचारत नाही.

त्यांनी घर पाहिलं, गॅस पाहिला, न्हाणीघर पाहिलं. मग बाई हिच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, “काकू, घरी कशाची भीती वाटते का?”

मी खिडकीशी होतो. हिने माझ्याकडे पाहिलं. फक्त एक क्षण, पण पाहिलं. आणि पाठ ताठ करून म्हणाली, “छे हो. आमचे हे फार चांगले आहेत.”

एकही चूक नाही. खणखणीत वाक्य. पाहुण्यांसमोर इतकी वर्षं म्हटलेलं, घोटून गुळगुळीत झालेलं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. झालं होतं. मी गप्प बसलो असतो तर ही इथेच राहिली असती. जीभ टाळ्याला चिकटली होती, आणि खरं सांगायचं तर ती तशीच चिकटून राहावी असं वाटत होतं.

“बाई,” मी म्हटलं, “हे चुकीचं आहे.”

त्यांना दाराशी नेलं. आठ भोकं दाखवली. घड्याळ मी काढलं होतं ते सांगितलं. भटकणे नाही, भीती नाही, दोन्ही खोटं. हाताला कात्री लागली होती. आणि ती ज्याला घाबरते तो मी. अनुस्वारने नाक पुसलं आणि म्हणाली, “घड्याळ कळलं होतं हो काका. चाराचा आकडा छापील होता.”

“आजच घेऊन जाणार का तिला?” मी विचारलं.

“मी कुणाला घेऊन जात नाही,” पूर्णविरामबाई म्हणाल्या. “दुरुस्त करू नका एवढंच शिकवलं आम्ही. लपवू नका हे सांगायचं राहिलं.” मग बसून त्यांनी सगळं पुन्हा लिहून घेतलं. आठवड्यातून तीन दिवस अनुस्वार इथे येणार. दार उघडलं की वाजणारी घंटी बसवणार. कुलूप, कडी काही नाही. महिन्याने पुन्हा बघणार. “ह्या महिन्यात त्यांची भीती कमी झाली तर त्या इथे राहतील. नाही झाली तर मी तुमच्या मुलीला खरं ते लिहीन.”

“आणि मी काय करायचं?”

“त्यांना ज्या माणसाची भीती वाटत नाही, तो घरात असू द्या.”

लेकीला मीच फोन केला. सगळं सांगितलं, पत्रासकट. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “महिनाभर बघू, बाबा.” वाक्य पूर्ण होतं.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

अनुस्वारचा आज यायचा दिवस नव्हता. चष्मेवाल्याला दाराकडे लक्ष ठेवायला सांगून मी भाजी आणायला गेलो, वीस मिनिटांत परत आलो. किल्लीने उघडलं तर आतून साखळी. फटीत तिचा अर्धा चेहरा.

“हे घरी नाहीत,” ती म्हणाली.

पूर्वी असल्याच वाक्याने माझी बोबडी वळली होती. आज वेगळ्याच गोष्टीची भीती वाटली, कारण आज मला तिचा आवाज ऐकू आला. तो थरथरत होता, आणि परक्या माणसामुळे नव्हे. ती माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघत होती.

“तुम्ही चांगले आहात,” ती हळूच म्हणाली, “पण आत नका येऊ. त्यांची यायची वेळ झाली. काहीतरी चुकलंय माझं आज, काय ते आठवत नाही. आले की विचारतील.”

भाजीची पिशवी मी खाली ठेवली. काय बोलायचं ते मला माहीत होतं, बाईंचं वाक्य तीन दिवस डोक्यात घोळत होतं. पण ते बोलल्यावर घरात माझं काय उरणार, हेही माहीत होतं. अगं, मीच तो, बघ ना, असं तोंडाशी आलं. तिचे डोळे जिन्यावरच.

“अहो,” मी म्हटलं, “निरोप द्यायला आलोय. ते येणार नाहीत.”

“आज?”

“आजही नाही आणि नंतरही नाही. लांब गेलेत. तुमचं काही चुकलेलं नाही, असं सांगायला सांगितलंय.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. “असं म्हणाले ते?”

“हो.”

“नक्की ना?”

“नक्की.”

रडेल असं वाटलं होतं. थोडं तरी रडावं, असंही वाटलं होतं, नाही कशाला म्हणू. ती रडली नाही. तिचे खांदे खाली आले. दार लोटलं, साखळीचा आवाज झाला आणि दार पूर्ण उघडलं.

“मग या ना आत,” ती म्हणाली. “आता घाई काय आहे?”